जा, उन्हात जा!

"तुमच्या हातचं आता त्यांच्या पोटात जायला नको, ताई!" असं म्हणत धाकटीने, ताईच्या भावजयीने, हॉस्पिटलमध्ये न्यायच्या डब्याचं झाकण काढलं आणि ताईच्या डोळ्यांदेखत सगळं सूप बेसिनमध्ये ओतून दिलं...

सकाळपासून गॅससमोर उभं राहून, मिक्सरमधून काढून, पुन्हा गाळून केलेलं ते सूप! गालातली गाठ काढल्यापासून तिच्या भावाचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. घट्ट काही गिळायचं म्हटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"अगं, पण मी काय केलं?"

"काय केलं? रबराच्या धुरात वाढवलंत त्यांना! लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर रबराच्या कारखान्यातल्या लोकांना होतो, मी वाचलंय. तुमचा कारखाना चालला, आणि माझा संसार..." पदराचं टोक तोंडात कोंबून धाकटी आत निघून गेली.

ताईने रिकामा डबा धुतला, पुसला आणि ती जिना उतरली. आईवडिलांमागे तिने बुटांचे तळवे बनवायचा तो छोटा कारखाना चालवला होता, स्वतःचं लग्न विसरून! तळहाताच्या फोडासारखा जपलेला हा भाऊ, लहानपणी इतका पांढरा आणि किडकिडीत की सगळे त्याला 'खडू' म्हणायचे, शाळेतून आला की तिथेच पोत्यांवर बसून अभ्यास करायचा. तापलेला साचा उघडला की धुराचा लोट उठायचा आणि ती ओरडायची, "जा रे, बाहेर जा! उन्हात जा, खेळ!" पण जरा वेळाने तो परत आत येऊन बसलेला असायचा. तेव्हाच दार लावून घेतलं असतं तर?... त्या आठवड्यात तिने कारखान्याला कुलूप ठोकलं. धाकटी तिच्या ब्यूटी पार्लरच्या कामावर गेली की मगच ती चोरासारखी हॉस्पिटलमध्ये जाऊन भावाला भेटून यायची.

म्हणून डॉक्टरांनी दोघींना एकदमच बोलावलं तेव्हा एका बाकाच्या दोन टोकांना दोघी अशा बसल्या, की मधे आणखी दोन माणसं सहज मावली असती.

"गाठीतले जनुकांचे बिघाड आम्ही तपासले," डॉक्टर म्हणाल्या. "पेशींना कशाने इजा झाली, त्यावर बिघाडाची नक्षी ठरते. तंबाखूची वेगळी, उन्हाची वेगळी. यांच्या गाठीत उन्हाची नक्षी आहे, अगदी ठळक."

"उन्हाची? पण गाठ तर गालाच्या आत होती!" धाकटी म्हणाली.

"तेच तर! आत ऊन पोचत नाही. म्हणजे ही गाठ ग्रंथीत जन्मलेलीच नाही. कातडीवर कुठेतरी सुरू झाली आणि ग्रंथीत येऊन राहिली."

"आणि... रबराचा धूर?" ताईने विचारलं.

"त्या नक्षीत धुराचं काही दिसत नाही. मला वेगळंच विचारायचंय. डोक्यावर, कानावर एखादी खपली, चामखीळ, काही काढलं होतं का? तिथे मूळ उरलं असेल तर शोधायला हवं, आणि पुढचं औषधही त्यावर ठरेल. त्यांना विचारलं, तर आठवत नाही म्हणतात."

ताईने धाकटीकडे पाहिलं मात्र, आणि तिला सगळं लख्ख आठवलं! तो रविवार... टक्कल पडायला लागलेल्या खडूच्या डोक्यावरची ती हट्टी खपली... तो ज्या तलावावर पोहायला शिकवायचा, तिथल्या फलकावर शिक्षकांचे फोटो लागणार म्हणून धाकटीने पार्लरमधली चामखीळ जाळायची सुई घरी आणली होती. "घरच्या गिऱ्हाइकाला फुकट!" असं म्हणत तिने खपली जाळली होती, कापसात गुंडाळून केराच्या टोपलीत टाकली होती, आणि बॅटरी धरून शेजारी ताईच उभी होती. किती हसले होते तिघं!

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ही पोर आता आयुष्यभर स्वतःला खात राहणार, ताईच्या मनात आलं. आपल्याला दोष सोसायची सवय झालीच आहे...

"मी काढली होती, डॉक्टर," ताई म्हणाली. "डोक्यावर खपली होती. मीच जाळली."

"खोटं!" धाकटी हुंदका देऊन ओरडली. "खोटं बोलतायत त्या! मी जाळली... या हातांनी! कुणाला दाखवली नाही, केरात टाकली! आणि दोष यांच्या माथी मारला... यांचं सूप ओतून दिलं मी!" आणि तिने ताईच्या पायांवर डोकं टेकलं.

"कोणी का जाळली असेना," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "मला आधी ती जागा दाखवा."

वॉर्डात धाकटीने बोटांनी नवऱ्याचे विरळ केस बाजूला केले. पांढुरका, नखाएवढा व्रण. डॉक्टरांनी भिंग धरून पाहिलं, बोटाने चाचपलं. "तुकडा काढून तपासू. जागा सापडली हे चांगलं झालं," असं म्हणून त्या गेल्या.

"आठवत नाही असं का सांगितलंत?" धाकटी रडत म्हणाली.

"तुझं नाव... कसं घेऊ?" वाकड्या तोंडातून शब्द कष्टाने आले.

पण ताई पलंगाच्या पायथ्याशी तशीच उभी होती. धाकटी मोकळी झाली होती. ताईच्या मात्र आत्ता कुठे ध्यानात आलं होतं. धुरापासून वाचवायला त्याला बाहेर कोणी हाकललं? उघड्या तलावावर पोहायला कोणी घातलं? ज्या उन्हात पुढे त्याने जन्मभर मुलांना पोहायला शिकवलं, त्या उन्हाची गोडी त्याला लावली कोणी?...

"खडू," ती कशीबशी म्हणाली, "मीच रे तुला उन्हात धाडलं... 'जा, उन्हात जा' म्हणून!"

त्याने हात पुढे केला. ती जवळ आली तशी तिचं मनगट धरून तो थांबत थांबत म्हणाला, "ताई... मला ऊन आवडायचं. दिवसभर... तुझ्या धुराचा वास... कपड्यांना असायचा. उन्हात गेलं की... धुऊन वाळत घातल्यासारखं... वाटायचं."

ताईला रडू आवरेना. धाकटीने डोळे पुसले, खुर्ची ओढून तिला बसवलं आणि तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच उघडली. सवयीने आणलेला डबा तिच्यात होताच.

"निवलंय थोडं," झाकण काढत ती म्हणाली. "ताई, तुम्हीच भरवा. माझ्या हाताने सांडतं."