निकालातली मेंढी

ठण्ण...! स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली. आणि पडल्यावर लगेच गप्प बसेल तर ती वाटी कसली? स्वतःच्याच कडेवर ती गरगरली, आधी सावकाश, मग भराभर, मग नुसतीच कुजबुजत... आणि एकदाची निजली. तोवर घरातली सकाळची शांतता पार मोडून गेली होती.

"मी नाही पाडली!" कुणी काही विचारायच्या आत भिंगरीने आतून जाहीर करून टाकलं. भिंगरी म्हणजे या घरातली पाच वर्षांची लेक. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण पायाला चाकं असल्यावर खरं नाव कोण लक्षात ठेवतो!

एरवी तिची आई उठून गेली असती. आज मात्र ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपपुढे तशीच बसून राहिली.

"आई गं," ती स्वतःच्या आईला म्हणाली, "माझ्या निकालात मेंढी आलीय."

"येईल नाहीतर काय," आजी वाटी उचलत म्हणाली. "त्या लॅबमध्ये दिवसभर काय कालवत असतेस, तुझं तुला ठाऊक. उद्या बोकडही येईल."

ती जीवरसायनशास्त्राची संशोधक होती, आणि तिचं काम प्रोटिऑमिक्सचं. पेशीतल्या प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि एका मोठ्या यंत्रावर ते तोलायचे. तुकड्याच्या वजनावरून तो कुठल्या प्रथिनाचा हे कळतं, आणि प्रथिन कुणाचं तेही कळतं. माणसाचं, उंदराचं... मेंढीचं. संस्थेत तिला पाठीमागे सगळे 'तराजू' म्हणत. तोलून पाहिल्याशिवाय ती कशावरच विश्वास ठेवायची नाही म्हणून. तिला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

मेंढीचं प्रथिन म्हणजे लोकर, आणि लोकर म्हणजे कुणाचा तरी स्वेटर. तिच्या लॅबमध्ये लोकरीला बंदी होती. एक धागा जरी नळीत पडला तरी यंत्र बिचारं आठवडाभर मेंढीच तोलत बसतं.

त्या दिवशी ती मजल्यामागून मजले शोधत निघाली. सगळ्यांचे कपडे सुती. शेवटी तळघरात एक दार होतं, त्यावर 'दिवा लावू नये' अशी पाटी. तिने ते ढकललं. आत अंधार आणि हाडं गोठवणारा गारवा. हिरवट उजेडाच्या पडद्यापुढे एक उंच माणूस पाठमोरा बसला होता, अंगात जाडजूड तपकिरी स्वेटर, कोपराला भोक.

"तुम्ही मेंढ्या पाळता का हो?" तिने दारातूनच विचारलं.

त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. "एकच. अंगातच असते."

"ती माझ्या निकालात आलीय."

आता मात्र तो वळला. अंधाराला सरावलेले मोठाले डोळे, आणि त्यांत अपराधीपण थोडं... हसू जास्त. "काल तुमच्या मजल्यावर नमुने न्यायला आलो होतो. टेबलाला जरा टेकलो... क्षणभरच हं."

"तो क्षण मला आठवडाभर पुरणार आहे. स्वेटर काढा."

"आत्ता? अहो, आपली अजून ओळखसुद्धा झाली नाही!"

ती लाल झाली. बरं झालं, अंधार होता. पण घुबडांना अंधारात दिसतं, हे ती विसरली... आणि त्याला संस्थेत सगळे 'घुबड'च म्हणत.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दाराशी उभा राहिला, पातळ सुती सदऱ्यात, नाक लाल झालेलं. "मेंढी घरी बांधून आलोय. ताईने विणलाय, नाही घातला तर ती मलाच घराबाहेर बांधेल. तेव्हा उपकाराची जाणीव असू द्या."

"तुमचं इथे काय काम?"

"तुमच्याशीच आहे. मायक्रोस्कोपवाला आहे मी. तुम्ही तोलता, मी बघतो. घरात दहा किलो साखर आहे, एवढं तुम्ही सांगाल. ती डब्यात आहे की फरशीवर सांडलीय, ते मात्र मीच सांगणार."

"आणि बघता कसे?"

"हिऱ्याच्या सुरीने नमुन्याचे काप काढतो. मग जे प्रथिन शोधायचं त्याला सोन्याचे कण चिकटवतो. काळे ठिपके दिसले की समजायचं, साहेब इथे आहेत."

"दुसऱ्याच भेटीत हिरे आणि सोनं?" ती बोलून गेली. "घरी विचारून आलात का?"

बोलून गेली... आणि मग दिवसभर स्वतःलाच कोसत राहिली. अशी थट्टा तिच्या तोंडून निघून किती काळ लोटला होता!

त्याचं कारण होतं. तिच्या नवऱ्याने एके काळी तिच्या नोकरीसाठी आपलं शहर सोडलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, तोच म्हणाला होता, चल. पण नंतर भाजी अळणी झाली तरी, पाऊस लागला तरी, एकच पालुपद: "तुझ्या कामापायी मी सगळं सोडून आलो." रोज थोडं थोडं ऐकत गेलं की माणसाला तेच खरं वाटायला लागतं. तो निघून गेला तेव्हा भिंगरी रांगत होती. तेव्हाच तिने स्वतःशी ठरवून टाकलं, पुन्हा कधी कुणाला 'माझ्यासाठी चला' म्हणायचं नाही.

घुबडाला हे काही ठाऊक नव्हतं. तो रोज चहाचा कप घेऊन जिन्यात येऊन बसायचा. सुती सदऱ्यात.

"तुमची ती पेशी स्वतःलाच खाते म्हणे?" एकदा त्याने मुद्दाम विचारलं. तिला बोलतं करायची युक्ती त्याला सापडली होती.

"स्वतःचं मोडकंतोडकं खाते. ऑटोफॅजी म्हणतात तिला. उपाशी पडली की घरातली अडगळ एका पिशवीत भरते, विरघळवते, आणि त्यातूनच नवं उभं करते. हातातोंडाची गाठ पडेना की शहाणी बाई जुन्या चादरीचीच पिशवी शिवते ना, तसं."

"मग चांगलीच की!"

"चांगलीच. पण कॅन्सरची पेशीही तेच करते. आपण औषधाने तिची कोंडी करायची, आणि ती अडगळ खाऊन तग धरणार. मला त्या पिशवीत अडगळ नेऊन टाकणारा हमाल सापडलाय, एक प्रथिन. त्या हमालाला अडवलं की पिशव्या रिकाम्या राहतात, आणि मग औषध लागू पडतं. निदान काचेच्या बशीत तरी पडतं."

ती बोलताना हात हलवायची. तो चहा निववत ऐकायचा. तिला वाटायचं, हा माझी थट्टा करणार आता... पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नसायची. एका शंकेपायी तिने महिन्याचं काम कचऱ्यात टाकताना त्याने पाहिलं होतं. कुणी विचारलंही नसतं अशी शंका, तरी तिने टाकलं. त्या दिवशी त्याने तिच्या नळ्या न सांगता धुऊन ठेवल्या.

मग ते पत्र आलं. दुसऱ्या, दूरच्या शहरातून. स्वतःची लॅब, स्वतःचं यंत्र, दारावर तिच्या नावाची पाटी. ज्या दिवसासाठी तिने सुट्ट्या, सण, झोपा सगळं गहाण टाकलं होतं, तो दिवस. अट एकच होती. बशीतल्या पेशी पुरे, कॅन्सरच्या खऱ्या गाठीत तो हमाल पिशवीवर बसलेला दाखवा.

गाठीचा एकच तुकडा उरला होता. एका गाणं शिकवणाऱ्या बाईंचा. शस्त्रक्रियेआधी सही करताना त्या म्हणाल्या होत्या, "मला छळलं ते छळलं मेलीने, निदान तुमच्या तरी उपयोगी पडू दे. वाया घालवू नका बरं." अर्धा तुकडा तिने तोलला. हमाल ढिगाने होता. उरलेला अर्धा मेणासारख्या ठोकळ्यात बसवून घुबडाच्या हाती गेला.

आणि घुबडाला काही दिसेना.

"अजून नाही," तो रोज जिन्यात सांगायचा.

"नसेल तर नाही म्हणा. मला गोड बोललेलं चालत नाही."

"गोड बोलायचं असतं तर वेगळ्या विषयावर बोललो असतो."

ठोकळा झिजत चालला होता. तिला झोप लागेना. भिंगरी एका शब्दाला दहा शब्द बोलायची आणि तिच्या कानांवरून वारं जायचं. नाही दिसलं तर पाटी गेली. आणि दिसलं तर... त्या दुसऱ्या 'तर'पाशी तिचं मन का अडखळतं, हे ती स्वतःलाही सांगत नव्हती.

एका दुपारी त्याने वर निरोप पाठवला: या.

पडद्यावर राखाडी रंगाचं एक विश्व होतं. मधोमध दुहेरी भिंतीची गोल पिशवी, आणि तिच्या आतल्या भिंतीला चिकटून काळे ठिपके. एकापाशी एक, शाळा सुटायच्या वेळी दाराशी पोरं दाटावीत तसे. सोन्याचे कण. ती खुर्चीत बसली नाही, कोसळलीच. हातांनी तोंड झाकून घेतलं आणि बोटांच्या फटीतून ती पाहत राहिली.

"बाई बरोबर म्हणत होत्या," ती शेवटी म्हणाली. "वाया नाही गेलं."

"तुम्ही बरोबर म्हणत होता."

"मग इतके दिवस का दिसत नव्हतं?"

"गाठीची मेलेली बाजू कापत बसलो होतो. काल ठोकळा फिरवून पाहिला."

"आणि... फिरवला नसता तर?"

"तर तुम्ही इथेच राहिला असता."

यंत्र एका लयीत गुणगुणत होतं.

"मला कळलंही नसतं," ती हळूच म्हणाली.

"मला कळलं असतं ना."

मग त्याने पडद्याकडे पाहतच सांगून टाकलं, चित्राचं वर्णन करावं तसं सरळ. "तुम्ही मला आवडता. हे लपवण्यात मी फार हुशार नाही, एव्हाना पाहिलंच असेल. पण तुमचं काम मला तुमच्याही आधी आवडलं. तेव्हा थांबा म्हणणार नाही. कधीच म्हणणार नाही."

तिने मान वळवली. अंधारात त्याची उबदार बोटं खुर्चीच्या हातावर होती, तिच्या बोटांपासून वीतभर. तिने आपली बोटं त्यांच्यावर ठेवली... क्षणभर नव्हे, चांगली बराच वेळ. मग चला ना, असं तिच्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. पण मागून तेच जुनं पालुपद धावत आलं, 'तुझ्या कामापायी...' आणि तिने ओठ मिटून घेतले.

निवड समितीपुढे ती भल्याभल्यांना पुरून उरली. कुणी पिशवीवर शंका काढली, कुणी तराजूवर, कुणी तिच्या एकटेपणावर, 'लहान मूल घेऊन जमेल का?' तिच्याजवळ प्रत्येकाला उत्तर होतं, आणि तेही हसून. पाटी तिची झाली.

घर आवरायच्या दिवशी तो खोकी बांधायला आला. आजीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हेच का मेंढीवाले? बसा. कातर धरता येते ना? नाहीतर आमची पुस्तकंच भादराल."

"आजी, तुमच्यापुढे मीच मेंढी."

आजी पदराआड हसली आणि काहीतरी निमित्त काढून आत गेली. भिंगरी खोक्यात शिरून बसली होती, नुसतं डोकं बाहेर.

"घुबडकाका, तिकडे मायक्रोस्कोप आहे?"

"आहे की. इथल्यापेक्षा मोठा. चालवायला माणूस हवाय त्यांना." त्याने दोरीला गाठ मारली. कान मात्र लाल झाले. "चौकशी केली होती मी... अशीच, सहज."

तिच्या हातातली पुस्तकं हातातच राहिली. "आणि तुमच्या ताई? त्यांचं काय?"

"ताई म्हणते, मी तुला धरून ठेवलंय असं आयुष्यभर ऐकवशील, त्यापेक्षा जा बाबा. मी म्हटलं, ऐकवायची मला सवय नाही. आणि..." त्याने दोरी उगाच पुन्हा ओढली. "कुणी बोलावल्याशिवाय जायचीही नाही."

तो गाठीकडे पाहत राहिला, ती पुस्तकांकडे. भिंगरीने खोक्यातून आधी याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काकांना यायचंय," ती बोटांवर मोजत म्हणाली. "मला पण ते यायला हवेत. आजीला पण. आणि तुला तर सगळ्यात जास्त, तू झोपेत त्यांच्याशी बोलतेस... मग आई, तू त्यांना 'चला' का म्हणत नाहीस गं?"