तृप्तिरेषा

पंपाच्या तीन नळ्यांपैकी मधली नळी थेंब टाकत नव्हती. ऋजुता मगदूमच्या ते चहा गाळताना लक्षात आलं. गाळणं ओट्यावर टाकून ती बाहेरच्या खोलीत धावली. नळीच्या टोकाशी पांढरी खपली धरली होती. तिने ती नखाने काढली, नळी गरम पाण्यातून धुतली, टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात तपासणीच्या औषधाचा एकेक थेंब सोडू लागली. गुलाबी पाणी हळूहळू निळं झालं. कॅल्शियम जिथे असायला हवं तिथेच होतं. मग कुठे तिच्या जिवात जीव आला.

"काय झालं?" शाल्मली कुबड्या टेकत दारात आली.

"नळी तुंबली होती."

"तुझं तोंड बघून मला वाटलं, कुणी गेलं की काय."

ऋजुता हसली नाही. त्या टाकीत शाल्मलीच्या मांडीचं हाड वाढत होतं.

मिरजेपासून समुद्र कितीतरी लांब. तरीही त्या काळात गावातल्या बऱ्याच घरांत खाऱ्या पाण्याच्या अशा टाक्या होत्या. प्रवाळ हा समुद्रातला इवलासा प्राणी. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून तो स्वतःसाठी दगडाचं घर बांधतो, आणि त्या घराची जाळी माणसाच्या हाडाच्या जाळीशी पुष्कळ जुळते. हे डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक होतं. पुढे प्रवाळात रुग्णाच्याच हाडातल्या पेशी रुजवण्याची युक्ती सापडली. हव्या त्या आकाराचा तारांचा साचा टाकीत ठेवला की हे 'अस्थिप्रवाळ' त्या साच्यावर हाड बांधत जाई. शरीर ते परकं मानत नसे. शिवाय ते जिवंत असल्यामुळे मुलाबरोबर वाढत असे. इस्पितळात एका टाकीचा रोग दुसरीला लागायचा, म्हणून टाक्या घरोघरी देत.

शाल्मली तेरा वर्षांची असताना गाठीपायी तिच्या उजव्या मांडीचं हाड काढावं लागलं होतं. आत पोलादी दांडा बसवला होता आणि तो आता सैल होत चालला होता. शाल्मलीचे बाबा मस्कतला नोकरीला. घर, मुलगी आणि टाकी, तिन्ही ऋजुताच्या हवाली. कॅल्शियम सकाळी आणि कार्बोनेट संध्याकाळी द्यायचं, कारण दोन्ही एकत्र पडली तर पाण्यातच एकमेकांना धरून त्यांचा चुना होतो आणि प्रवाळाच्या वाट्याला काहीच येत नाही. तसं होऊ नये म्हणून पाण्यात मॅग्नेशियम हवं. वर स्ट्रॉन्शियम, आयोडीन, लोह, मँगनीज. हे इतकं कणभर, की कमी पडलं तर प्रवाळ फिकं पडतं आणि जास्त झालं तर मरतं. ऋजुताने या सगळ्यात कधी चढउतार होऊ दिला नव्हता. ती माहेरच्या लग्नालासुद्धा मांडवात तोंड दाखवून परत आली होती.

हाड जवळजवळ तयार झालं, तेव्हा इस्पितळातल्या संशोधन विभागाचे डॉ. जमीर मुजावर तपासणीला आले. त्यांनी आदल्या आठवड्यातच त्याचा एक कपचा नेला होता. ते टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"वहिनी, एवढं सुंदर अस्थिप्रवाळ मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "आणि तीच अडचण आहे."

"म्हणजे?"

"लहान मूल जेवता जेवता 'बस' म्हणायला शिकतं की नाही? तसं हे प्रवाळही शिकतं. वाढीच्या काळात अधूनमधून टंचाई आली की त्याच्या पेशी एक मर्यादा ठरवतात. इतकं मिळालं की पुरे, कमी पडलं तर वाढ थांबवायची. आम्ही तिला तृप्तिरेषा म्हणतो. बाकीच्यांच्या घरी वीज जाते, कुणी डोस विसरतं, पंप बिघडतो. त्यांच्या प्रवाळांना ही रेषा आपोआप येते. तुमच्याकडे असं काही झालंच नाही."

"मी नीट सांभाळलं, हे चुकलं?"

"चुकलं आमचं. आम्हाला हे यंदाच कळलंय. तृप्तिरेषा नसलेलं हाड एका मुलाच्या खांद्यात बसवलं होतं. रक्तातलं कॅल्शियम त्याला पुरेना. त्याने शेजारची फासळी पोखरली."

"मग आता?" शाल्मलीने विचारलं.

"आता त्याला उपाशी ठेवायचं. पंप बंद. या वयातही ते शिकेल अशी आशा आहे. नाही शिकलं तर बघू."

ऋजुताला पंपाचं बटण दाबवेना. शेवटी ते शाल्मलीने दाबलं.

पुढचे दिवस ऋजुताला कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. दर थोड्या वेळाने ती पाणी तपासायची आणि आकडा खाली गेलेला दिसला की पुन्हा एकदा तपासायची. औषधांच्या बाटल्या शाल्मलीने स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. हाडाची टोकं फिकी पडली. त्याच्यावरून एरवी मखमलीसारखी हलणारी जिवंत पेशींची तपकिरी साय आक्रसून गेली. ऋजुता काचेला कपाळ टेकून बसायची.

"आई, तो दगड आहे," शाल्मली एकदा म्हणाली.

"तुझ्याच पेशी आहेत त्यात."

"माझ्या पेशी न्हाव्याच्या दुकानात केसांबरोबर पण पडतात."

टाकीच्या कोपऱ्यात पाणी चांगलं आहे की नाही हे कळावं म्हणून एक साधं हिरवं प्रवाळ ठेवलेलं असे. पंप बंद होऊन काही आठवडे झाल्यावर ऋजुताला दिसलं, की अस्थिप्रवाळाच्या टोकांवर पुन्हा रंग चढतोय. तिला आनंद झाला. मग तिची नजर त्या हिरव्या प्रवाळावर गेली. अस्थिप्रवाळातून केसांसारखे पारदर्शक धागे निघाले होते आणि हिरव्या प्रवाळाच्या बुडाशी पोचले होते. तिने चिमट्याने त्याला नुसता स्पर्श केला, तर ते जुन्या खारी बिस्किटासारखं भुगा होऊन खाली बसलं. आतून सगळं पोकळ झालं होतं.

डॉ. मुजावर आले, त्यांनी भिंगातून पाहिलं आणि खुर्चीत बसले. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"थांबायला शिकलं नाही ते. दुसऱ्याचं घ्यायला शिकलं."

"मग पंप चालू ठेवू," ऋजुता घाईने म्हणाली. "तुम्ही शाल्मलीच्या कमरेत बारका पंप बसवा. रोज रक्त तपासू, रोज डोस देऊ. त्याला उपाशीच ठेवायचं नाही. मग तर ते काही करणार नाही ना?"

"तसं करता येतं," डॉक्टर नाइलाजाने म्हणाले. "जन्मभर. आणि त्यात खंड पडून चालणार नाही."

"किती खंड?" शाल्मलीने विचारलं.

"सांगता येत नाही. शेजारी गुडघा आहे, खुबा आहे."

"आणि हे बसवलंच नाही तर?"

"नवं वाढवायचं म्हटलं तर हा दांडा तोवर टिकणार नाही, आणि दुसरा बसवायला धड हाड उरलेलं नाही. मग पाय वरूनच काढावा लागेल. कृत्रिम पाय चांगले मिळतात, पण मी तुला खोटं सांगणार नाही. मांडीपासूनचा पाय सोपा नसतो."

"काढा."

ऋजुताने तिचा दंड धरला. "वेडी आहेस का तू? मी आहे ना. इतकी वर्षं एक थेंब चुकला का माझा?"

"नाही चुकला, आणि पुढेही चुकणार नाही," शाल्मली म्हणाली. "म्हणूनच मला भीती वाटते गं. तू असेपर्यंत मला या घरातून जाता येणार नाही. आणि तू नसशील तेव्हा काय?"

शाल्मली आता सज्ञान होती. सही तिनेच केली.

पाय गेला. पहिले काही महिने फार वाईट गेले. नसलेल्या गुडघ्यात कळ यायची आणि शाल्मली दात आवळून पडून राहायची. मग ती उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली आणि जूनमध्ये वास्तुरचना शिकायला नागपूरला निघून गेली. डॉ. मुजावरांनी फोन केला, की न वापरलेलं अस्थिप्रवाळ ठेवता येत नाही, माणूस पाठवून टाकी उचलून नेतो.

"कशाला त्रास घेता? मीच बंद केली," ऋजुता म्हणाली. "हाड पुरलं परसात."

डॉक्टरांनी विश्वास ठेवला. मिरजेतल्या सगळ्या घरांत जिच्या शब्दावर त्यांचा सर्वांत जास्त भरवसा होता, ती हीच बाई.

शाल्मली दिवाळीला घरी आली. ती आता कुबड्यांशिवाय चालत होती, जरा झुकून, पण भरभर. दारातच तिला पंपाचा आवाज आला. टाकी पूर्वीची नव्हती. बाहेरच्या खोलीची एक भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेची झाली होती. आत मांडीचं हाड होतं. साचा त्याने केव्हाच मागे टाकला होता. गुडघ्याकडचं टोक काचेला लागून वळलं होतं आणि पुन्हा आतल्या बाजूने वाढायला लागलं होतं. ते कुठल्याही माणसाच्या मांडीपेक्षा लांब होतं आणि त्याच्यावरची तपकिरी साय संथपणे हलत होती.

ऋजुता तिच्या मागे येऊन उभी राहिली. ती वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती.

"छान वाढलंय ना?" ती म्हणाली.

"आई, हे कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? त्याला थांबायचं कळत नाही, त्याचा काय दोष? बंद केलं तर मरेल."

शाल्मलीने तिच्याकडे पाहिलं. मग ती भिंतीपाशी गेली आणि पंपाच्या बटणावर हात ठेवला.

ऋजुताने तिचं मनगट पकडलं. आपण इतक्या चपळाईने पुढे झालो हे तिचं तिलाही कळलं नाही. शाल्मलीचा तोल गेला, तिने दुसऱ्या हाताने भिंत धरली आणि कशीबशी उभी राहिली. ऋजुताची पकड ढिली झाली नाही. मनगटाची कातडी बोटांखाली पांढरी पडली होती.

"आई," शाल्मली हळूच म्हणाली, "लागतंय मला."

ऋजुताला ते ऐकू आलं. तरीही शाल्मलीची बोटं एकेक करून बटणावरून पूर्ण निघेपर्यंत तिने हात सोडला नाही.