अफ्राच्या एप्रनची गाठ

दार लावून घे, फ्लोरी. नदीवरून गार वारा येतोय. आणि रेझीच्या कमरेवरचा हात काढ. ती काही पळून जात नाही.

मघापासून ऐकतोय मी. उद्या म्युनिकच्या बिअरच्या जत्रेला निघालात, छान झालं. पण ‘एप्रनची गाठ उजवीकडेच बांध, मी तपासणार आहे’ हे काय बोलणं झालं? साखरपुडा झालाय नुसता, आणि आत्तापासून तपासणी? लग्न ठरलेलीनं, झालेलीनं उजवीकडे, मोकळी असेल तिनं डावीकडे, विधवेनं मागे. आमच्या नातीला हे कळत नाही असं वाटतं का तुला? एप्रन तिचा, फीत तिची. ती बघून घेईल.

तू हसू नकोस गं. बस इथे शेगडीजवळ. बार्टलचं सांगतो. बंधाऱ्याजवळचं हिरव्या खिडक्यांचं घर आहे ना, बंद पडलेलं? ते त्याचं. माझा शेजारी. सुतार होता, हातात कला होती, पण संशय मानगुटीवर बसलेला. त्याची पहिली बायको अफ्रा. हसरी बाई. पाववाल्याला ‘कसा आहेस’ म्हणाली तरी ह्याच्या पोटात दुखायचं.

एका वर्षी दोघं जत्रेला गेली आणि बार्टल एकटाच परत आला. बगलेत अफ्राचा एप्रन, गुंडाळी केलेला. गुत्त्यात बसून छाती काढून सांगत होता, “मी जरा उठलो, तर हिनं गाठ डावीकडे घेतली आणि लागली पोरांशी हसायला. ओढून काढला एप्रन, चारचौघांत! म्हटलं, ये आता तुझी तू.” दोघांचं मिळून एकच तिकीट होतं, ते ह्याच्या खिशात. तिची पर्सपण हाच घेऊन आलेला.

अफ्रा आठवड्याभरानं आली. नदीतून. शहरात पाण्यात पडली आणि वाहत वाहत आपल्याच बंधाऱ्याला येऊन अडकली, तिच्याच घराखाली. पोलीस म्हणाले, अंधारात पाय घसरला असेल. असेलही. मला काही ते पटलं नाही, पण पुरावा कुठून आणणार?

काही वर्षांनी त्यानं दुसरी केली. बुर्गी. ही पार डोंगराकडची, तिला यातलं कुणी काही बोललं नाही. नवऱ्यानं सांगितलं, पहिली तापानं गेली, हिनं मान्य केलं. वर्षभरात पोरीचं तोंड उतरलं. दूध आणायला उशीर का झाला, टपालवाला दारात का थांबला... हेच दिवसभर. माझ्या बायकोला ती म्हणाली होती, “काकू, जत्रेला नेतोय मला. एक दिवस तरी तो माझ्याकडे चोरासारखं बघणार नाही, एवढंच पाहायचंय. तेही जमलं नाही तर मग काय करायचं, ते मला कळत नाही.” आता पुढचं सगळं बुर्गीनं आम्हाला सांगितलेलं आहे, आमच्या स्वयंपाकघरात बसून.

जत्रेतला मधला शनिवार. सकाळी घाईत बुर्गीच्या हातून इस्त्री जास्त वेळ टेकली आणि तिचा एप्रन करपला. बार्टल बडबडला नाही, हेच नवल. कपाटातून दुसरा घेऊन आला. गडद लाल, रेशमी.

“कुणाचा रे हा?”

“घरातलाच आहे. चांगला आहे, टाकून द्यायचा का?”

विसरला असेल कुणाचा ते? काय माहीत. मला नाही वाटत विसरला असेल. गाठ त्यानं स्वतः बांधली, उजवीकडे, वरून आणखी एक गाठ मारून. म्हणाला, “ही मी बांधलीय. ध्यानात ठेव.”

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर दाटीवाटीनं बसले, समोर दोन पोरं, कुठल्याशा दूधडेरीतली, आपापसात फुटबॉलवरून भांडणारी. बार्टल जत्रेत एकच मग प्यायचा. पहारा द्यायचा म्हटल्यावर शुद्ध नको का राहायला? बुर्गीला मात्र मजा येत होती. अर्धी कोंबडी मागवली होती, दोन्ही हातांनी खात होती.

बार्टल मुतारीला जाऊन आला. बसता बसता थबकला.

“गाठ डावीकडे कशी?”

बुर्गीनं खाली पाहिलं. खरंच, डावीकडे. नीट, देखणी गाठ.

“मी हात नाही लावला रे.”

“मग कुणी लावला? ह्यांनी?”

समोरची पोरं बावरली. त्यातला एक म्हणाला, “काका, ती कोंबडी खातेय केव्हाची. आम्ही कुठं हात लावू, टेबलाच्या पलीकडून?” बुर्गीनं आपले हात पुढे केले. मनगटापर्यंत तूप लागल्यासारखे चकचकीत. आणि फितीवर? एक डाग नव्हता.

शहाण्या माणसानं इथंच विचार केला असता. हा खाली वाकला, गाठ सोडली, पुन्हा उजवीकडे बांधली, घट्ट. तिला श्वास घेता येईना इतकी. मग तिथून हलला नाही. तिच्याशी बोलला नाही, खाल्लं नाही. नुसता गाठीकडे बघत बसला.

बँडवाल्यांनी चषक उंचावण्याचं गाणं घेतलं. सगळा मंडप उभा राहिला. मगाला मग लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ही आपली रीत. बुर्गीनं मग पुढे केला आणि त्याच्या डोळ्यांत बघायला गेली. मनातल्या मनात म्हणत होती, बघ रे, एकदा बघ माझ्याकडे. ह्याचे डोळे तिच्या कमरेवर.

मगाला मग लागला. गाणं संपलं.

आणि बार्टलचा चेहरा... पांढरा पडला, म्हणाली ती.

गाठ डावीकडे.

त्याच्या डोळ्यांदेखत. तिच्या एका हातात मग, दुसरा त्याच्याच खांद्यावर. तो काय बोलला माहितीये? “तूही तसलीच.”

“तूही म्हणजे? आणखी कोण?”

त्यानं एप्रन ओढायला हात घातला. ओढला... आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बोटांकडे बघितलं. पँटला पुसली. मग तिची पर्स उचलली, टोपी घातली आणि गर्दीतून निघून गेला. तिकीट त्याच्याकडे. तेही दोघांचं मिळून एकच.

बुर्गी बसून राहिली. वाटलं, राग उतरला की येईल. दिवे लागले होते, बाहेर अंधार पडला. समोरची पोरं उठून गेली. तो आला नाही. साडेदहाला शेवटचे मग वाटून झाले, तेव्हा वाढणारी बाई टेबल पुसायला आली. वयस्कर, जाडजूड बाई. पुसता पुसता थांबली.

“काय गं, तू कुठल्या रांगेची? कधी पाहिलं नाही तुला.”

“मी गिऱ्हाईक आहे.”

“मग गाठ मागे कशी? मागे आम्ही वाढणाऱ्या बांधतो. आणि...”

बाईची नजर तिच्या बोटातल्या अंगठीवर गेली.

बुर्गीनं हात मागे नेला. पाठीशी, मधोमध, गाठ. फीत ओली होती. गार. बिअरनं नाही... वास घेतला तिनं. नदीचा वास.

मंडपात घाम फुटत होता लोकांना. आणि तिच्या पाठीवरून थेंब थेंब पाणी खाली जात होतं.

त्या बाईनं तिला त्या रात्री स्वतःच्या घरी नेलं, पहाटे पैसे देऊन गाडीत बसवलं. म्हणून ती अफ्रासारखी नदीकडे भटकली नाही. देवच पावला म्हणायचा.

स्टेशनवर तिला घ्यायला मीच गेलो होतो. कारण बार्टल सकाळीच सापडला होता. बंधाऱ्यापाशी, पालथा. गाडीतून उतरून नेहमीच्या वाटेनं घरी निघाला असणार. कधी? तर ती गाडी आपल्याकडे येते साडेदहाच्या सुमारास. अंगावर ओरखडा नाही. पोटात एकच मग. आणि पाणी तिथं... गुडघ्याएवढं.

पोलीस म्हणाले, पाय घसरला असेल.

तेव्हा आम्ही बुर्गीला अफ्राचं सगळं सांगितलं. काय...? हो रेझी, मलाही तेच वाटलं. दुसरीनं आपला एप्रन बांधला, म्हणून जळली पहिली. बुर्गीही तेच धरून बसली. रडत म्हणायची, “मी तिचं काय वाईट केलं होतं? माझ्यावर का राग?” आल्या आल्या तिनं तो एप्रन कपाटात कोंबून किल्ली माझ्या बायकोकडे दिली होती. त्यानंतर घरात पाऊल टाकायलाही तयार नव्हती.

माती झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली आणि म्हणाली, “काका, चला माझ्याबरोबर. जाळून टाकू.” मी कंदील घेतला, काड्यापेटी घेतली. घरात आमच्या दोघांशिवाय कुणी नाही. किल्ली माझ्या खिशात.

कपाट मीच उघडलं.

कोंबलेला एप्रन कोंबलेला नव्हता. हँगरला होता. एक चुणी नाही, इस्त्री केल्यासारखा सरळ. चार दिवस बंद कपाटात, तरी खालून पाणी ठिबकत होतं. फीत मात्र लोंबत नव्हती. आत कुणी नसताना, कुणाच्या तरी कमरेभोवती असावी तशी गोल फिरवून बांधलेली.

बुर्गीनं माझ्या हातातला कंदील घेतला, जवळ नेला. “माझ्यावर नव्हता तिचा राग,” म्हणाली. मग काड्यापेटी माझ्या हातून काढून खिशात टाकली... आणि त्याच रात्री सामान बांधलं.

गाठ डावीकडे होती, मोकळ्या बाईची.