ब्रेकवरचा पाय

हे खरं आहे. कुणाला पटलं नाही तरी मला आता फरक पडत नाही. ज्या गराजमध्ये हे घडलं ते माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे आहे, आणि हे लिहिताना मी मुद्दाम त्या भिंतीकडे तोंड करून बसले आहे.

गेल्या ऑक्टोबरमधला शनिवार. गाव टेक्सासमधलं प्लेनो.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. सकाळचं लख्ख ऊन होतं आणि माझ्या गॅसवर वरणभाताचा कुकर होता.

मी चारुता, मूळची नागपूरची. नवरा यतीन, पुण्याचा, आयटीत. घरात आम्ही दोघंच.

आणि ती.

ती म्हणजे १९६७ची मसल कार. लांबलचक नाक, दोनच दारं, आणि सुरू केली की शेजारच्यांच्या खिडक्या थरथरतात. यतीनने ती शर्मन गावाजवळ राहणाऱ्या मिस्टर हॉलिस नावाच्या एका म्हाताऱ्याकडून घेतली. त्यांची बायको लोरेटा वारली होती आणि एकट्याने गाडी सांभाळणं त्यांना होईना.

मी त्या गाडीवर जळायचे. सरळच लिहिते. माझे केस खांद्यापर्यंत कापलेले यतीनला चार दिवस दिसले नाहीत, पण तिच्या बंपरवरचा बारीकसा डाग त्याला अंगणाच्या टोकावरून दिसायचा. रात्री झोपायला जाण्याआधी तो गराजचा लाइट लावून एकदा तिला बघून यायचा. मैत्रिणी म्हणायच्या, सवत आणली गं तुझ्यावर. मी हसायचे. हसताना दात दिसले म्हणजे बाई खूश आहे असं नसतं.

गाडी आली त्या दिवशी आम्ही ड्राइव्हवेवर पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं तर यतीन ओरडला, “अगं, पेंट! ओरिजनल पेंट आहे यार!”

शेजारच्या वीणाकाकू तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, “चारू, ही तर तुझी सवतच आली की! मग भर तिची ओटी. मान दिला की सवत त्रास देत नाही.”

सगळे खो-खो हसले. मलाही चेव आला. आतून हिरवा खण, तांदूळ आणि दुसरा नारळ आणला, ड्रायव्हरच्या सीटवर ओटी ठेवली आणि सीटच्या पाठीला हळदकुंकू लावलं. आणि घरी आलेल्या प्रत्येक सवाष्णीला निरोप देताना जे आपण म्हणतो, ते सवयीने तोंडातून गेलंच...

“पुन्हा ये हं.”

नंतर नारळ-तांदूळ मी घरात आणले. खण गाडीतच, समोरच्या कप्प्यात ठेवला आणि विसरून गेले.

आता ब्रेकचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक पार गेले होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा जो लोखंडी भाग असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. या गाडीचे कॅलिपर फार थोडी वर्षं बनले. आता मिळता मिळत नाहीत. नवीन पद्धतीचे बसवता येतात, पण आमच्या साहेबांना ओरिजनलच हवे होते. मग इंटरनेटवरचे फोरम झाले, जुन्या पार्ट्सच्या जत्रा झाल्या, ओक्लाहोमापर्यंत चकरा झाल्या. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात मी समोर बसलेली असताना हा टेबलाखाली फोन धरून कुठल्यातरी कॅलिपरवर बोली लावत होता.

हरला. आणि उरलेलं जेवण तोंड पाडून जेवला.

मग एक दिवस मिस्टर हॉलिसचाच फोन आला. वरच्या फळीवर एक खोका सापडलाय म्हणाले. आम्ही दोघं गेलो. खोक्यात दोन्ही कॅलिपर, कधीही न वापरलेले, एका फुलाफुलांच्या स्कार्फमध्ये गुंडाळून ठेवलेले होते.

“लोरेटाने जपून ठेवले होते,” ते म्हणाले. “मला सांगितलंही नव्हतं.”

भिंतीवर तिचा फोटो होता. ठेंगणीशी बाई, डोक्याला स्कार्फ, हनुवटीखाली गाठ. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली, आणि पाय पोचावेत म्हणून सीट अगदी स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे ओढलेली.

“ब्रेकचं काम निघालं की पेडलवर तीच बसायची,” मिस्टर हॉलिस म्हणाले. “दुसऱ्या कुणाचा पाय तिला चालायचा नाही. आणि पुढच्या सीटवर दुसरी बाई बसलेली तर मुळीच नाही. माझी सख्खी बहीण कायम मागे बसायची.”

यतीन हसला. मी नाही हसले. मला त्या बाईचं म्हणणं पटलं होतं.

त्यानंतरचाच तो शनिवार.

यतीनने कॅलिपर बसवले. पण एवढ्याने ब्रेक लागत नाहीत. नळ्यांमधली हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन बारीक स्क्रू सैल करायचा, हवेचे बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे आणि स्क्रू परत घट्ट करायचा. तोवर आतल्या माणसाने पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत.

या कामाची ठरलेली भाषाच असते. खालचा म्हणतो “प्रेस”. वरचा म्हणतो “होल्डिंग”. मग खालचा म्हणतो “सोड”.

गाडीचं पुढचं टोक स्टँडवर चढवलेलं, बॉनेट उघडं. त्यामुळे खालून यतीनला मी दिसत नव्हते.

“चारू, प्रेस!”

“होल्डिंग!”

“अगं, सोडलंस का? मी सोड म्हटलं का?”

“पाय घसरला.”

“चारू, यार, फोकस कर ना जरा! आता सगळं परत करायचं.”

असं दोन-तीनदा झालं. त्याचा आवाज चढला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी “आलेच” म्हणून फणकाऱ्याने आत गेले. गॅस बंद केला आणि नागपूरहून आईचा फोन आला.

मी बोलत बसले. मुद्दामच बसले. म्हटलं, थांबू दे त्याला.

आईने तिच्या गुडघ्याचं सुरू केलं आणि भिंतीपलीकडून यतीनचा आवाज आला.

“चारू, प्रेस!”

मी म्हणणार होते, अरे मी इकडे आहे...

आणि गराजमधून उत्तर आलं.

“होल्डिंग.”

बाईचा आवाज. शांत. जरासा घोगरा.

पेडलचा करकर आवाज आला. मग यतीन म्हणाला, “सोड.” परत करकर.

“चारू, प्रेस!”

“होल्डिंग.”

खोटं नाही सांगत, आधी भीती वाटलीच नाही. आधी डोक्यात तिडीक गेली. कोण बाई आहे ही माझ्या गराजमध्ये? मी फोन तसाच ओट्यावर ठेवला आणि दार उघडलं.

गराजमध्ये यतीन एकटाच होता. हात पुसत उभा.

“झालं!” तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका फुलला होता की बघतच राहावं. “शेवटी जमलं तुला! काय परफेक्ट धरलंस. आणि ‘होल्डिंग’ काय मस्त म्हणत होतीस, एकदम टेक्सन!”

“यतीन, मी आत होते. आईशी बोलत होते.”

“फेकू नकोस.”

“आईला विचार. फोन अजून चालू आहे.”

तो हसला आणि हत्यारं गोळा करू लागला. मी गाडीच्या दारापाशी गेले. मी पाच फूट आठ आहे. सीट मी पार मागे सरकवली होती.

आता ती पुढे होती.

अगदी स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे...

मी समोरचा कप्पा उघडला. खण होता. पण मी ठेवला तशा घडीत नव्हता. त्रिकोणी दुमडलेला होता, आणि दोन टोकांना गाठ मारून सोडल्यावर पडतात तशा चुण्या होत्या.

लोरेटा नवऱ्याच्या आधी गेली होती. आपल्या भाषेत, सवाष्ण गेली. आणि मी सवाष्णीची ओटी भरली होती, ‘पुन्हा ये’ म्हटलं होतं. तिला गंमत कळली नसावी. किंवा कळलीही असेल.

दुपारी यतीन गाडी घेऊन एक चक्कर मारून आला. “ब्रेक बघ काय लागतायत! लोण्यासारखे!”

“मला बसव,” मी म्हटलं. भीती होतीच, पण तिच्यामुळे मी माझ्याच नवऱ्याच्या शेजारी बसायचं नाही, हे मला खपणार नव्हतं.

मी बसले. आमच्या गल्लीतून हळूहळू निघालो. पुढे स्टॉपची पाटी आली. यतीनने ब्रेकवर पाय ठेवला...

पेडल थेट तळाला गेलं.

गाडी थांबलीच नाही. चौक ओलांडला. उजवीकडून, म्हणजे मी बसले होते त्या बाजूने, एक मोठा पिकअप हॉर्न वाजवत आमच्या शेपटाला चाटून गेला. यतीनने हँडब्रेक ओढला तेव्हा गाडी एका घरापुढच्या, विटांनी बांधलेल्या मेलबॉक्सपाशी जाऊन थांबली, माझ्या बाजूचं दार विटांपासून वीतभर अंतरावर.

पिकअप किंचित आधी आला असता तर माझ्याच दारावर आदळला असता.

मी उतरले. यतीनने वाकून सगळं तपासलं. कुठेही गळती नव्हती. त्याने आत बसून पेडल दाबलं.

घट्ट. दगडासारखं.

“बस बरं परत,” तो म्हणाला. गाडी उभीच होती. मी बसले.

पेडल तळाला.

मी उतरले. घट्ट.

त्याने हे पुन्हा करून बघितलं. मग ओढूनताणून हसत म्हणाला, “तुझं वजन वाढलंय, दुसरं काय!”

पण त्याचे हात गार पडले होते. मी धरून बघितले.

मी चालत घरी आले. तो गाडी चालवत आला.

संध्याकाळी मी मिस्टर हॉलिसना फोन केला. सगळं सांगितलं. आवाज, पेडल, मेलबॉक्स. मग त्यांनी एकच विचारलं.

“सीट कुठे होती?”

“पुढे. अगदी पुढे.”

मला वाटलं काहीतरी उपाय सांगतील.

“ती गेल्यापासून,” ते म्हणाले, “मी रोज त्या गाडीत जाऊन बसायचो. रोज तिला हाक मारायचो. माझ्याकडे ती एकदाही आली नाही.”



“तुझ्या नवऱ्यात असं काय आहे?” त्यांनी विचारलं आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

मी यतीनला म्हटलं, ही गाडी विक. खूप रडले. तो घाबरला होता, लगेच “हो, या वीकेंडला लिस्ट करतो” म्हणाला. खण मी वाहत्या पाण्यात सोडून आले. वीणाकाकूंनी देवापुढे दिवा लावला. मी गाडीपाशी जाऊन हात जोडून सांगितलंही की बाई, झालं गेलं विसर, आता येऊ नकोस. कुणाला एकदा ये म्हटल्यावर येऊ नको कसं म्हणतात, याची आपल्याकडे रीतच नाही. मला शब्द सापडत नव्हते.

गाडी अजून विकलेली नाही.

आधी फोटो काढायचे राहिले. मग म्हणाला गिऱ्हाईक चांगलं हवं. आता तो विषयच काढत नाही. दर शनिवारी सकाळी एकटा चक्कर मारून येतो. परत येतो तेव्हा गुणगुणत असतो. मी खिडकीतून सीट बघायचं सोडून दिलं आहे.

लोक विचारतील, भीती वाटत नाही का? वाटते ना. पण त्याहून जास्त राग येतो. तिला निदान गाडीतलं कळतं. तिचा पाय घसरत नाही.

आजही शनिवार आहे. पेडल जरा मऊ लागतंय, हवा काढतो, असं म्हणून यतीन मघाशी गराजमध्ये गेला. मला चल म्हणाला नाही. मला आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं की या कामाला दोन माणसं लागतात.

भिंतीपलीकडून आत्ता त्याचा आवाज आला.

“प्रेस.”

मी इथे आहे. टेबलाशी. दोन्ही पाय जमिनीवर आहेत.

“होल्डिंग...”

त्या दिवशी, मी तिथे नसतानासुद्धा, तो प्रत्येक वेळी “चारू, प्रेस” म्हणत होता.

आज त्याने माझं नाव घेतलं नाही.