सहा नंबर शाळेचा पट

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी, व्लास्ता. तिने उभ्या आयुष्यात कधी साधी थाप मारली नाही.

नेब्रास्कातलं मार्टन गाव. १९५१ सालचा नोव्हेंबर.

आणि रात्र नव्हती. सकाळचे दहा वाजले होते...

तेव्हा मार्टनच्या आसपास, मक्याच्या शेतांमध्ये, एकेका खोलीच्या अकरा शाळा होत्या. आमचे पणजोबा युरोपातल्या बोहेमियातून आले तेव्हा त्या लोकांनी आपापल्या शेताचा तुकडा देऊन, स्वतःच्या हाताने फळ्या ठोकून उभ्या केलेल्या. मग गावात विटांची मोठी शाळा झाली. पिवळी बस आली. शाळा मंडळ एकेक खोली बंद करून मुलं गावात नेऊ लागलं. अकराच्या सात झाल्या, साताच्या तीन.

मावशी सहा नंबरच्या शाळेवर. एकटीच शिक्षिका. पट पाचाचा. पाचाखाली पट गेला की कुलूप, असा नियम.

"पाच पोरांपायी एवढा कोळसा जाळता बाई? कोंबड्या पाळा त्या खोलीत, अंडी तरी मिळतील!" मंडळाचे लोक चेष्टा करायचे.

"अंडी तुम्ही घालताच की दर बैठकीत," मावशी म्हणायची.

सप्टेंबर संपता संपता लिडका गेली. पोलिओने. सहा वर्षांची पोर. पहिलीत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

पट चारावर आला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पोरीवरची माती ओली असताना शाळा बंद करा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. जिल्ह्याचा साहेब तपासणीला येईल, तो मोजेल, तेव्हा बघू, म्हणाले.

आठवडाभरात सुरू झालं.

मावशी फळ्यावर लिहीत होती. मुलं मागे उतरवून घेत होती. कागदावर पेन्सिली घासल्याचा आवाज... वीस वर्षं ऐकलेला.

ती थबकली.

पाच पेन्सिली होत्या.

वळून पाहिलं. चार मुलं. पुढचं छोटं बाक रिकामं.

मग हजेरीच्या वेळी. चौघांचं "हजर बाई" झालं की खोली गप्प व्हायची... आणि त्या शांततेत कुणीतरी बारीक श्वास घ्यायचं. बोलण्याआधी घेतात तसा.

नाव पुकारायची वाट बघत असल्यासारखा.

मुलं घाबरत नव्हती. मावशीला त्याचंच भय वाटे. लिडकाची थोरली बहीण बेर्टा त्या बाकाजवळून जाताना जरा वळसा घालायची. कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून घालतो ना, तसा.

मावशीने तिला कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

नोव्हेंबरात साहेब आला. टेगन त्याचं नाव. परक्या गावचा माणूस, इथलं त्याला काही ठाऊक नाही. दारात उभा राहून त्याने टोपीवरचा बर्फ झटकला आणि बोटाने मुलं मोजली.

"एक, दोन, तीन, चार... पाच. बरोबर."

आणि लिहिलंसुद्धा.

मावशीच्या ओठांवर "चार" आलं होतं. पण चार म्हटलं की शाळा गेली. ती गप्प राहिली.

साहेब निघाला. दारातून परत वळला.

"बाई, ती पुढच्या बाकावरची सगळ्यात लहान... तिला शेगडीजवळ बसवा हो. केव्हाची काकडतेय पोर."

त्या दिवशी मावशीने शाळा लवकर सोडली. बर्फ तुडवत ती लिडकाच्या आईकडे गेली. अ‍ॅग्नेस कणीक मळत होती. मावशीने सगळं सांगितलं. अ‍ॅग्नेस रडली नाही की किंचाळली नाही. पिठाचे हात तसेच धरून तिने एवढंच विचारलं,

"बाई... अंगात कोट होता का तिच्या?"

मावशीला ती दिसलीच कुठे होती?

"मी नाही घातला," अ‍ॅग्नेस म्हणाली. "पांढऱ्या फ्रॉकवरच पुरलं तिला. कोट नवा होता. धाकटीला होईल म्हणून ठेवून घेतला मी..."

दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅग्नेस तो कोट घेऊन शाळेत येऊ लागली. त्या बाकाशेजारी जमिनीवर बसायची. तिला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. तरी रोज यायची. घरी धाकटी रडत राही, चूल थंड पडे.

पेन्सिली मात्र पाचच होत्या...

पंधरा दिवसांनी मावशी म्हणाली, "अ‍ॅग्नेस, मी मंडळाला खरं सांगणार आहे. चारच आहेत म्हणून."

"असं नका करू बाई! शाळा मोडतील!"

"अगं, ती शाळेसाठीच येतेय. पट भरायला. मी त्या दिवशी गप्प बसले म्हणून बसलीय थंडीत. किती दिवस बसवू तिला?"

"बसू दे! निदान कुठे आहे ते तरी कळतंय मला!"

मावशी त्या संध्याकाळी मंडळापुढे उभी राहिली. साहेबाचा कागद टेबलावर होता. पाच आकडा सगळ्यांनी आधीच वाचला होता. कुणी मान वर केली नाही. चेष्टाही नाही.

"चार आहेत," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं लिहायला बसली.

मावशीने फळ्याकडे तोंड करून कान दिला...

चार पेन्सिली.

नाताळात कुलूप लागलं. चौघं पिवळ्या बसने गावात जाऊ लागली. मावशीलाही तिथेच नोकरी मिळाली. मोठी शाळा वाढत गेली. तिला जेवणघर झालं, बंदिस्त खेळघर झालं. आता तीन गावांची मुलं येतात.

अ‍ॅग्नेस मावशीशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही. चर्चमध्ये समोर आली तरी मान फिरवायची. तो सगळा हिवाळा ती बंद शाळेचं कुलूप काढून आतली शेगडी पेटवत होती. किल्ली तिला कुणी दिली, ते मंडळाने कधी विचारलं नाही. बसमधून मुलांना धूर दिसायचा.

मावशी गेल्या वर्षी वारली. शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी होते. ती अचानक शुद्धीवर आली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली,

"त्या पोरीला मी सोडवलं गं... की वर्गातून बाहेर काढलं?"

मी म्हटलं, "सोडवलंस मावशी."

तिने माझा हात सोडला.

"मग ती घरी का नाही गेली? अ‍ॅग्नेस तर शेवटपर्यंत दार उघडं ठेवून झोपायची..."