शेवटचा एक

आम्ही तिघं डोंगरावर निघालो ते एका फोटोसाठी. फोटो माझ्या मोठ्या भावाचा हवा होता, आणि दादा जिवंत सापडणार नाही हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आईला.

दादाला जाऊन वर्ष झालं होतं. पण ‘जाऊन’ हा शब्द आईपुढे उच्चारायची सोय नव्हती. "कामाला गेलाय, येईल," एवढंच ती म्हणायची. त्याच्याकडे किल्ली नाही म्हणून दाराला कडी लावू द्यायची नाही. वर्षभर आमचं दार अहोरात्र नुसतं लोटलेलं! शेजारचं मांजर तर बिनदिक्कत आत येऊन दादाच्या खुर्चीत झोपायला लागलं होतं. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, आता पुरे. तो येणार नाही." तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मग मला दाखव. बघितल्याशिवाय मी रडणार नाही."

आणि आई रडत नव्हती म्हणून वहिनींनाही रडता येत नव्हतं. सासूपुढे डोळ्यांतून पाणी काढणं म्हणजे तिच्या मुलाला तिच्यासमोर मारणंच होतं. वहिनी इस्पितळात नर्स. दुसऱ्यांच्या माणसांचे डोळे स्वतःच्या हातांनी मिटणारी ही बाई घरी आली की निमूट कणीक मळायची. मला ते बघवेना.

माझं काय, मी तिखट तोंडाची. दादाचा फोटो स्टुडिओ आता मीच चालवते. एक पांढरा पडदा, एक स्टूल, भिंतीला आरसा आणि आरशाला दोऱ्याने बांधलेला कंगवा. दिवसभर लोकांना सांगायचं, "हनुवटी खाली. हसू नका, पासपोर्टचा आहे." तिथेच काउंटरमागे एक पुठ्ठा लटकतो. मी शिकत होते तेव्हा दादाने तो माझ्यासाठी लिहिला होता. आधी उजेड बघ, मग माणूस. एक पाऊल पुढे जा, मग आणखी एक. पाठीमागे काय आहे ते बघ. श्वास सोडून बटण दाब. वाट बघायला शीक. एवढंच! मोठमोठी पुस्तकं वाचणाऱ्यांना तो हसायचा. म्हणायचा, "एवढ्या पाच गोष्टी कर, बाकीचं कॅमेरा करतो."

त्या पुठ्ठ्यामुळेच मला त्याचा पत्ता लागला.

बर्फाच्या शिखराचा फोटो काढायला तो गेला होता. शोधपथकाने महिनाभर पश्चिमेची धार पालथी घातली. शिखराचे सगळे गाजलेले फोटो तिथूनच काढलेले, म्हणून दादाही तिथेच गेला असणार असा त्यांचा हिशेब. हाती काहीच लागलं नाही. डोंगरातल्या झोपडीत राहिलेली त्याची पिशवी तेवढी घरी आली. तिच्यात आदल्या दिवशीचं मेमरी कार्ड होतं. ते फोटो मी शंभरदा पाहिले असतील, पण रडत पाहिले. मग एक दिवस दादाच्या सांगण्याप्रमाणे आधी उजेड बघितला. फोटो दुपारी चारचा, आणि शिखराची सावली उजवीकडे पडलेली. चार वाजता ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणजे फोटोची उजवी बाजू पूर्व. म्हणजे तो उत्तरेकडे तोंड करून उभा होता. पश्चिमेच्या धारेवर तो नव्हताच! तो दक्षिणेच्या धारेवर होता, आणि तिकडे कुणी फिरकलंही नव्हतं.

"मी येणार," वहिनी म्हणाल्या. मी अडवलं नाही.

तिसरे होते दादाचेच वाटाडे. साठीचे, काटकुळे. दर दोन वाक्यांमागे "सावकाश" म्हणायची खोड, म्हणून डोंगराखालच्या वस्तीत त्यांना सावकाशकाकाच म्हणत. गेल्या वर्षी झोपडीपर्यंत पोचतानाच त्यांचा पाय मुरगळला म्हणून ते दोन्ही दिवस आतच थांबले; दादा कुठल्या धारेवर जातो हे त्यांनाही कळलं नाही, आणि दुसऱ्या पहाटे तो एकटाच वर गेला. "शेवटचा एक काढून येतो, काका. चहा टाका," हे त्याचे अखेरचे शब्द. स्टुडिओतही तो प्रत्येक गिऱ्हाइकाला "शेवटचा एक" म्हणायचा आणि आणखी दहा काढायचा.

"चहा टाकला होता मी," काका म्हणाले. आमचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पहिला दिवस जंगलाचा. जुन्या झाडांखाली दुपारीही मिणमिणता उजेड, पायाखाली कुजलेल्या पानांचा गालिचा आणि मानेवर टपटपणारं गार पाणी. दुसऱ्या दिवशी ओढा आडवा आला. एरवी घोट्याएवढा, त्या दिवशी कमरेएवढा! दोराला धरून काका पार झाले, मी झाले. मधोमध वहिनींचा पाय दगडावरून सटकला. क्षणात त्या आडव्या! पाण्यावर नुसता एक हात! मी आणि काकांनी जीव खाऊन दोर ओढला. वहिनी बाहेर आल्या त्या कुडकुडत, ओठ निळे, गुडघा फुटलेला. स्वतःच्या गुडघ्याला स्वतःच पट्टी बांधत म्हणाल्या, "टाके नकोत. चला."

मी दर वळणावर थांबून मागे वळायचे आणि आलेल्या वाटेचा फोटो काढायचे. काका वैतागले. "ताई, फोटो पुढच्या गोष्टीचा काढतात. सारखं मागे काय बघताय?"

"पाठीमागे बघ, असं दादाने लिहून ठेवलंय," मी म्हटलं. खरं तर त्याचा अर्थ वेगळा. माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा फोटो येऊ नये, म्हणून पाठीमागचं बघायचं. पण मला त्याच्या कुठल्याही शब्दाला धरून चालायचं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी झोपडी गाठली. आत चूल पेटली, पण कॅमेरा मी पिशवीत गुंडाळून बाहेरच ठेवला. थंडीतून एकदम उबेत नेला की भिंगाला घाम फुटतो आणि सकाळपर्यंत जात नाही. बॅटऱ्या मात्र काखेत घेऊन झोपले. थंडीत त्या माणसाआधी मरतात. चुलीजवळच्या खुंटीवर एक पेला उपडा टांगलेला होता. तो दादाचा. काकांनी तिथे दुसऱ्या कुणाला तो वापरू दिला नव्हता.

पहाटे निघालो. दक्षिणेची धार विळ्यासारखी वळलेली. विळ्याच्या पोटात खोल दरी. आम्ही एका टोकाला पोचलो तेव्हा आठ वाजले होते. समोर, दरीपलीकडे, विळ्याचं दुसरं टोक. तिथून शिखर नेमकं तसंच दिसलं असतं, दादाच्या फोटोतल्यासारखं. त्या टोकाच्या काठावर वाऱ्याने साचवलेला बर्फ पुढे आलेला, घराच्या वळचणीसारखा. वरून बघणाऱ्याला वाटावं, जमीनच आहे. खाली आधार कसलाच नाही! आणि मधोमध त्या वळचणीचा एक लचका तुटलेला.

"वर्षाचं बर्फ पडून कडा बुजल्यात," काका पुटपुटले. "पण तुकडा तुटला ती जागा तीच."

लचक्याच्या सरळ खाली, कड्याच्या अंगावर, एक अरुंद कपार होती. ती सावलीत. काहीच दिसेना. आम्ही बसून राहिलो. वाट बघायला शीक! खालून ढग चढत होते. काका दर दहा मिनिटांनी आभाळाकडे बघत. "दहाच्या आत निघायचं. नाहीतर आपणही इथलेच."

नऊ वाजून वीस मिनिटांनी ऊन कपारीत शिरलं.

नारिंगी!

वहिनींनी माझं मनगट आवळलं. त्या स्वेटरचा रंग आम्हा सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होता. आईने विणला तेव्हा दादा कुरकुरला होता, "हा घालून मला सर्कशीत पाठवणार का?" आई म्हणाली होती, "कुठे हरवलास तर दिसायला हवास."

"मी उतरते खाली," वहिनी उठल्याच. दुखऱ्या गुडघ्यावर, दोराशिवाय! काकांनी दोन्ही हात पसरून वाट अडवली. "वहिनी, वर टांगलेलं बर्फ बघा. तिथे शिंकलं तरी सुटेल. माझा मुलगा असता तरी उतरलो नसतो." वहिनींनी त्यांना ढकललं. ते हलले नाहीत. मग वहिनी बर्फात बसल्या आणि त्यांनी हाताची मूठ तोंडात धरली.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. सगळ्यांत लांब पल्ल्याचं भिंग होतं, तरी एक नारिंगी ठिपका. आई म्हणाली असती, कुणाची तरी पिशवी आहे ती. आईला पटवायचं तर डावी बाही दिसायला हवी होती. डावी बाही विणताना बोटभर लांब झाली होती आणि दादा ती कायम दुमडून घालायचा. तेवढी एक दुमड. थोडं जवळ जायला हवं.

मी एक पाऊल पुढे टाकलं. ठिपका मोठा झाल्यासारखा वाटला. आणखी एक. खांदा दिसला का? आणखी एक. चौकटीत आता फक्त तो होता. वारा नव्हता, ढग नव्हते, माझे पाय नव्हते. शेवटचं एक पाऊल...

"ताई! डोळा काढा!"

मी डोळा काढला. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती माझ्या पायांखाली होती! पुढे वीतभर बर्फ, त्यापुढे दरी. आणि मागे, मी आणि काका यांच्यामध्ये, बर्फात एक निळी रेघ. ती रेघ मघाशी नव्हती.

"आडव्या व्हा! सावकाश!"

मी पोटावर झोपले. कॅमेरा छातीखाली. कोपरांनी मागे सरकू लागले. करकर! रेघ बोटभर रुंदावली. रेघेपर्यंत एक हात. अर्धा हात. कुणीतरी माझा बूट पकडला आणि खस्सकन ओढलं. मी रेघेच्या अलीकडे आले आणि पलीकडचा सगळा काठ एक सुस्कारा टाकून खाली गेला. आवाज बऱ्याच वेळाने आला.

बूट वहिनींनी पकडला होता. त्यांनी माझ्या कानाखाली सणसणीत वाजवली आणि मग मला घट्ट धरून ठेवलं.

काका मात्र समोरच्या तुटक्या काठाकडे बघत होते. "वर्षभर विचार करतोय," ते हळू म्हणाले, "धडधाकट, डोळस माणूस कड्यावरून चालत कसा गेला? आज कळलं." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. पुठ्ठ्यावरचं दुसरं वाक्य मला आठवलं. त्याने मला शिकवलं, आणि त्याला त्याच वाक्याने नेलं.

ढग कपारीच्या हातभर खाली आले होते. मी काठापासून वीस पावलं मागे गेले आणि तिथे पिशवी बर्फात रोवली. तिच्यावर भिंग टेकवलं. काखेतली बॅटरी काढून घातली. मी हलू नये म्हणून वहिनींनी माझे खांदे दाबून धरले. मी श्वास सोडला आणि बटण दाबलं. पुन्हा. पुन्हा. जवळ जाऊन जी मिळाली नसती ती दुमड हात न हलल्यामुळे मिळाली.

"शेवटचा ए..." माझ्या तोंडात आलं. मी ते गिळलं आणि कॅमेरा बंद केला.

दादाला आम्ही तिथेच ठेवलं. काकांनी दरीकडे तोंड करून टोपी काढली. वहिनी म्हणाल्या, "तुला थंडी सोसत नव्हती रे." बस, तेवढंच.

उतरताना ढगांनी गाठलं. हात पुढे केला तर हात दिसेना! काका तीनदा थांबले, तीनदा वळले, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "मला वाट समजत नाहीये." आमची पाचावर धारण बसली. मी कॅमेरा काढला. जाताना मागे वळून काढलेले फोटो एकेक करून पडद्यावर आणले. फुटक्या कपाळासारखा खडक: तो उजव्या हाताला हवा. वाकलेलं एकटं झुडूप: त्याच्या खालून. बॅटरी लाल झाली की वहिनी तिला पोटाशी धरून ऊब देत. दीड तासाचा उतार आम्ही सहा तासांत उतरलो. झोपडीच्या फळीला हात लागला तेव्हा काका म्हणाले, "काढा, ताई. यापुढे हवे तेवढे मागचे फोटो काढा."

त्यांनी चहा टाकला. खुंटीवरचा पेला उतरवून त्यांनी तो वहिनींच्या हातात दिला.

फोटो मी स्टुडिओत स्वतः छापला. आई दाराकडे तोंड करून बसली होती. तिने चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिली. वहिनी माझ्यामागे उभ्या होत्या.

"बाही दुमडलीय," आई म्हणाली. "उसवून नीट करून देते म्हटलं होतं. आणलाच नाही त्याने."

"आणखी जवळून नाही काढता आला?"

वहिनींचा हात माझ्या पाठीवर घट्ट झाला. "नाही, आई," मी म्हटलं. "पुढे जागा नव्हती."

आईने माझ्याकडे वर बघितलं. माझ्या खरचटलेल्या कोपरांकडे, मग वहिनींच्या गुडघ्याकडे. "बरं केलंस," ती म्हणाली.

मग ती उठली. खुर्चीतल्या मांजराला तिने बाहेर सोडलं. दार ओढून घेतलं आणि कडी लावली. वर्षभरात न हललेली ती कडी, तिला दोन्ही हातांनी लावावी लागली. दाराला पाठ टेकवून आई खाली बसली आणि तिने सुनेपुढे हात पसरला.

"ये," ती म्हणाली. "आता रड."