नाबोरचा कोयता

इलारियोनच्या बोळक्या तोंडाला हसता ना रे? दात कसे गेले ते ऐका, मग हसा.

गेल्या वर्षीची अठ्ठावीस ऑक्टोबरची रात्र. मारून टाकलेली माणसं घरी येतात, ती. इलारियोन रंगीत वाळूच्या पिशव्या घेऊन मेलेल्याचं चित्र काढायला एउफ्रासियाकडे निघाला. तिचा नवरा नाबोर मळ्याच्या वाटेवर तुकडे होऊन सापडला होता. कुणी केलं ते गावाला ठाऊक होतं. सख्ख्या भावानं, क्रिस्पिननं. जमिनीसाठी. पण बोलायची कुणाची छाती नव्हती.

झेंडू, पाव, मेस्काल दारूची बाटली, सगळं मांडलेलं. त्यापुढे जमिनीवर इलारियोननं वाळूचा नाबोर काढला. हुबेहूब. आणि गाढवानं हौसेनं त्याच्या हातात कोयता दिला! अरे, मेलेल्यापुढे जे मांडाल ते तो घेतो. म्हणून तर मारलेल्या माणसापुढे आपण साधी सुरीही ठेवत नाही.

"पुसा तो कोयता, भाऊ," एउफ्रासिया म्हणाली. "मळ्यातून आला की नाबोर असाच धुऊन चुलीपाशी ठेवायचा हो... बघवत नाही मला."

"राहू द्या वहिनी. धार बघा काय उतरलीय!"

तेवढ्यात लाथेनं दार उघडलं. क्रिस्पिन. ढोसून आलेला.

"मेलेल्याला पंगत आणि जित्या दिराला काहीच नाही? जमीन सोड, वहिनी. नाहीतर उद्या हा तुझंही चित्र काढेल."

"नाही सोडणार."

त्यानं केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. इलारियोन मध्ये पडला, तर बाटली त्याच्या तोंडावर फोडली. मग नाबोरच्या वाळूच्या गळ्यावर बूट ठेवला. घासला.

"ऊठ की, भाऊराया..."

मेणबत्त्या विझल्या. सगळ्या.



मग घायपात तोडताना येतो तसा आवाज. एकदा. पुन्हा. क्रिस्पिन किंचाळला. पुन्हा... मग किंकाळी तुटली.

इलारियोननं कशीबशी काडी ओढली. क्रिस्पिन उंबरठ्यात पडलेला. मुंडकं अंगणात. घरात कोयता नव्हता, नाबोरचा पोलिसांनी कधीच नेला होता. आणि जमिनीवर चित्र नव्हतं. वाळूचा कणसुद्धा नाही.

"भाऊ..." एउफ्रासियानं बोट दाखवलं.

चुलीपाशी वाळूचा कोयता होता. जसा काढला तसाच, नीट ठेवलेला.

पातं ओलं होतं. नुकतंच धुतलेलं...